डॅशबोर्डच्या मागे

नेव्हिलने क्लिप पुन्हा एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर दाबली. बसेना. त्याने पाना खाली ठेवला, क्लिपचं तोंड स्क्रू ड्रायव्हरने थोडं फाकवलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि तळव्याने वरून जोर दिला. तरी बसेना.

सेहेचाळीस वर्षं ज्याने गाड्यांच्या विजेचं काम केलं त्याने एका नव्याकोऱ्या बॅटरीपुढे हात टेकावेत, हे काही खरं नव्हतं. त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं. कुठल्याही बॅटरीचं प्लसचं टर्मिनल जरासं जाड असतं आणि मायनसचं बारीक. घाईगडबडीत कुणी उलटं जोडू नये म्हणून केलेली ही सोय. गाडी एकोणीसशे चौसष्टची, आणि त्या काळच्या गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असे. म्हणून बॉडीकडे जाणारी पट्टी तो जाड टर्मिनलवर बसवत होता. पण पट्टीच्या टोकाची क्लिप बारीक तोंडाची होती, मायनसची. ती तिथे असायला नको होती.

रसेल असता तर ती तिथे आलीच नसती. या एका गोष्टीवरून बापलेकांत वर्षभर खडाजंगी चालली होती. नेव्हिल म्हणायचा, बॉडीला मायनस कर, सगळं जग तसं करतं, उद्या साधा रेडिओ लावायचा म्हटलास तरी जळून जाईल. रसेल म्हणायचा, गाडी जशी जन्मली तशीच राहणार. दोघेही एका मुशीतले, कोण कुणाचं ऐकणार! रसेल गेला तेव्हा बॉडीला प्लसच होता. त्याला सहा वर्षं झाली. गॅरेजला कुलूप नेव्हिलने स्वतः लावलं होतं आणि किल्ली त्याच्या टेबलाच्या खणात होती.

मग ही क्लिप बदलली कुणी?

तो मडगार्डला टेकून उभा राहिला. खरं तर हा प्रश्न आजचा नव्हताच. नऊ दिवसांपूर्वी कुलूप काढून त्याने गाडीवरची चादर ओढली, तेव्हाच त्याला डॅशबोर्डची लाकडी फळी जागच्या जागी बसलेली दिसली होती. रसेल गेला त्या रविवारी ती फळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि तिच्या जागी नुसतं भोक होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. पण माणूस आपल्या सोयीचं तेवढं बघतो. आपलंच काहीतरी चुकत असेल, म्हातारपण, असं म्हणून त्याने चादर घडी करून ठेवली आणि नऊ दिवस ब्रेक, टायर, पेट्रोलची टाकी, प्लग असं सगळं काम उरकलं. डॅशबोर्डकडे मात्र चुकूनही पाहिलं नाही. बॅटरीचं काम शेवटी ठेवलं. आता शेवट आला होता.

हा सगळा खटाटोप ग्लेनिससाठी होता. ग्लेनिस त्याची बायको, वय चौऱ्याहत्तर. तिची फुफ्फुसं हळूहळू दगडासारखी होत चालली होती आणि गेल्या हिवाळ्यापासून नाकात ऑक्सिजनची नळी आली होती. घरात एक मोठं यंत्र होतं. बाहेर जाताना खांद्याला अडकवायचं लहान यंत्र, त्याची बॅटरी दोन तास पुरायची. तिला बारमथला जायचं होतं, आपल्या थोरल्या बहिणीकडे, समुद्रावर. मेअर ब्याऐंशी वर्षांची, तिला आता जिना उतरवत नव्हता. फोनवर दोघींनाही एकमेकींचं धड ऐकू येत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जायचं असेल तर हिवाळ्याच्या आत जा, आणि पुढचं बोलल्या नव्हत्या. कॉव्हेंट्रीहून बारमथ साडेतीन तास.

"आपल्या रोजच्या गाडीत दोन-दोन सॉकेट आहेत," नेव्हिलने सांगून पाहिलं होतं. "यंत्र लावलं की लंडनपर्यंत जाशील."

"त्या गाडीतून मी हॉस्पिटलात जाते," ग्लेनिस म्हणाली होती. "मला रसेलच्या गाडीतून जायचंय."

"तिच्यात सॉकेट नाही."

"मग बसव. आयुष्यभर लोकांच्या गाड्यांत बसवलेस ना?"

पहिल्या आठवड्यात त्याने विमा उतरवला, रस्त्याचा कर भरला, कागदपत्रं नीट लावली. गॅरेजचं दार उघडण्यापेक्षा ते सोपं होतं.

"काय रे, बॅटरी जोडतोयस की तिच्याशी लग्न लावतोयस?"

कुंपणापलीकडचा ट्रेव्हर दारात उभा होता, हातात चहाचा मग. हा शेजारी तीस वर्षांचा, गाड्यांच्या क्लबातला आणि तोंडाने फाटका.

"ट्रेव्हर, एक विचारू? खरं सांग."

"मी कधी खोटं बोललोय? बायकोला सोडून."

"मधल्या काळात तू या गाडीला हात लावलायस का? वायरिंगला?"

ट्रेव्हरने मग खाली केला. "मी? अरे, तू कुलूप घातलंस आणि आम्हाला बजावलंस की कुणी नाव काढायचं नाही. मला काय जिवाची भीती नाही? आणि वायरिंगमधलं मला काय कळतं, माझ्या घरची बेल चार वर्षं बंद आहे."

"मग दुसरं कुणी?"

"दुसरं कोण येणार? तूच तर असायचास की आत."

नेव्हिलने वर पाहिलं. "मी?"

"दिवा दिसायचा. ते पहिले दोन हिवाळे. दर मंगळवारी दुपारी, अंधारून आलं की या खिडकीत उजेड. मी मागल्या दारी कुत्र्याला सोडायला यायचो ना, तेव्हा. बायकोला म्हटलंसुद्धा, नेव्हिल आत बसलाय बघ, त्याला हाक मारू नको, बसू दे पोराजवळ." ट्रेव्हर थांबला. "तू नव्हतास?"

मंगळवारी दुपारी नेव्हिल क्लबात बोल्स खेळायला जायचा, हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा तो खेळ. आजतागायत एक मंगळवार चुकला नव्हता. रसेल गेल्यानंतर तर नाहीच, कारण घरात बसून राहणं त्याला सहन होत नव्हतं.

"मीच असेन," तो म्हणाला.

ट्रेव्हरने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. मग चहाचा मग त्याच्याच हातात दिला, पाठीवर थाप मारली आणि निघून गेला. नेव्हिलने गॅरेजचं दार आतून लोटून घेतलं.

आता आत तो आणि गाडी. बुटकी, फायबरच्या अंगाची, दोन माणसांपुरती. साठच्या दशकात कुणीतरी सुटे भाग मागवून घरच्या घरी जोडलेली. रसेलने ती एका मयत माणसाच्या शेडमधून उचलून आणली होती, आणि फ्लॅटवर जागा नाही म्हणून इथे, बापाच्या गॅरेजात, आठ वर्षं तिच्यात जीव ओतला होता. शनिवार-रविवार पोरगा इथे असायचा. त्याची शीळ स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जायची.

क्लिप बारीक तोंडाची. मंगळवारचा उजेड. आपोआप बसलेली फळी. नेव्हिलच्या अंगावर सरसरून काटा आला. पाठीमागे, कामाच्या टेबलापाशी, कुणीतरी उभं आहे असं त्याला इतकं स्पष्ट वाटलं की मान वळवायचं धाडस होईना. भीती वाटली, आणि तिच्या आत, लाज वाटावी इतका, आनंद झाला. भूत तर भूत! पोरगा परत आला, बापाचं ऐकलं, मायनस बॉडीला जोडला. म्हणजे रागावलेला नाही.

"रसेल?" तो म्हणाला.

टेबलापाशी कुणी नव्हतं. पत्र्याच्या डब्यात खिळे होते आणि शिकंज्यावर गंज चढला होता.

त्याने बॅटरी जोडली, बॉडीला मायनस. सगळ्या क्लिपा चटकन, मापात बसल्या. मग तो ड्रायव्हरच्या जागी बसला आणि फळीचे आठ स्क्रू एकेक करून काढू लागला. या फळीमागे काय होतं ते त्याने शेवटचं पाहिलं तो रविवार त्याला रोज दिसायचा. जेवण झालं होतं. तो हात पुसत इथे आला, रसेलने ताणलेल्या वायरी बघितल्या, आणि जुनं भांडण पुन्हा पेटलं. वायरींचं आवरण तडकलं होतं, ते खरंच होतं. पण खरं किती मोठ्या आवाजात सांगायचं याला काही माप असतं. "हे सगळं उपटून टाक," तो ओरडला होता, "नाहीतर माझ्या गॅरेजातून ही गाडी घेऊन जा!" आणि आयुष्यात पहिल्यांदाच पोराने ऐकलं. साडेपाच वाजता ग्लेनिस चहा घेऊन आली तेव्हा सगळ्या वायरी उपटलेल्या होत्या, जमिनीवर त्यांचा ढीग होता, आणि त्या ढिगात रसेल पडला होता. वय छत्तीस. हृदय जन्मापासूनच कच्चं होतं, डॉक्टर म्हणाले, आज नाही तर उद्या हे व्हायचंच होतं. डॉक्टरांनी ती ओरड ऐकली नव्हती.

आठवा स्क्रू निघाला. नेव्हिलने डोळे मिटले, फळी काढून मांडीवर घेतली आणि मगच डोळे उघडले.

टॉर्चच्या उजेडात वायरींचा जुडगा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. एकही लोंबत नव्हती. सगळ्या नव्या, आणि रंग सगळे रसेलने ठरवलेले. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर त्याने ती यादी लिहून ठेवली होती, दिव्यांना पिवळा, हॉर्नला जांभळा. पण चिकटपट्टी कुठे नव्हती, प्लास्टिकचे पट्टे नव्हते. अख्खा जुडगा मेण लावलेल्या धाग्याने बांधलेला होता, बोटभर अंतरावर एक गाठ, प्रत्येक गाठ सरळ रेषेत, आणि धागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच.

नेव्हिलने गाठीवर अंगठा ठेवला. ही गाठ त्याने अठ्ठेचाळीस वर्षं दर रविवारी पाहिली होती, ओव्हनमध्ये जाणाऱ्या मांसाच्या गुंडाळीवर. टोमॅटोच्या रोपांना हीच गाठ. नाताळच्या पार्सलांना हीच गाठ. पोस्टातला माणूस चेष्टेने विचारायचा, बाई, हे उघडायचं की करवतीने कापायचं?

एकोणिसाव्या वर्षी ग्लेनिस बारमथहून कॉव्हेंट्रीला आली ती टेलिफोनच्या कारखान्यात. तिथे बायकांच्या रांगाच्या रांगा बसायच्या आणि शेकडो वायरींचे जुडगे मेणाच्या धाग्याने बांधायच्या. प्लास्टिकचे पट्टे तेव्हा कुणाला ठाऊक होते? लग्न झालं, रसेल झाला, कारखाना बंद पडला, तिथे आता घरं आहेत. हात मात्र विसरले नव्हते.

पाठीमागे आता कुणी नव्हतं. गॅरेज एकदम रिकामं झालं. दहा मिनिटांपूर्वी पोरगा होता. आता पुन्हा नव्हता.

बऱ्याच वेळाने तो उठला आणि कामाला लागला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. बॅटरीपासून जाड वायर काढली, तिच्या तोंडाशी पंधरा अँपियरचा फ्यूज घातला. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या पत्र्यातून वायर आत घेतली, भोकाला रबराची कडी लावायला विसरला नाही. लाकडी फळीला भोक पाडायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणून अॅल्युमिनियमची छोटी पट्टी वाकवून खाली, डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी, त्याने सॉकेट बसवलं. मायनस बॉडीला. मीटर लावून पाहिलं, बारा पूर्णांक सहा व्होल्ट.

उरलं ते एवढंच, की नवी वायर जुन्या जुडग्याशी बांधायची. मोकळी वायर घासते, घासली की आग. हा धडा त्याने कितीतरी पोरांना कान धरून शिकवला होता. खिशात प्लास्टिकच्या पट्ट्यांचं पाकीट होतं. त्याने एक पट्टा काढला, जुडग्याभोवती धरला. त्या गाठींच्या ओळीत तो काळा पट्टा त्याला बघवेना. त्याने पट्टा परत पाकिटात घातला आणि घरात गेला.

ग्लेनिस स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. नळी तिच्या खुर्चीखालून, दारातून, बाहेरच्या खोलीतल्या यंत्रापर्यंत गेली होती. नेव्हिलने हात धुतले. नळ बंद केला, मग पुन्हा सोडला, पुन्हा धुतले.

"धागा कुठं ठेवलायस?" त्याने विचारलं.

तिची बोटं शेंगेवर थांबली. यंत्राने एक श्वास टाकला, दुसरा टाकला.

"शिवणाच्या डब्यात," ती म्हणाली. "खालच्या कप्प्यात. मेणसुद्धा तिथंच आहे."

तो समोरच्या खुर्चीवर बसला. डबा आणायला उठला नाही.

"मंगळवारी," तो म्हणाला.

"मंगळवारी. तू एक वाजता जायचास, पाचला यायचास."

"आणि किल्ली?"

"अठ्ठेचाळीस वर्षं तुझे खण मी आवरतेय, नेव्हिल. किल्ली कुठं असते म्हणे!"

त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सहा वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते आता तोंडापर्यंत आलं होतं आणि आत्ता नाही तर कधीच नाही.

"त्या दिवशी मी ओरडलो ते तू ऐकलं होतंस?"

"खिडकी उघडी होती. अख्ख्या गल्लीनं ऐकलं."

"माझ्यामुळं गेला का गं तो?"

"डॉक्टर म्हणाले ना..."

"डॉक्टर मरू देत. तू सांग."

ग्लेनिसने शेंग वाटीत टाकली. चार शब्द बोलायचे, मग श्वास घ्यायचा, ही तिची आताची रीत. ती थांबत थांबत बोलली, आणि त्यामुळे प्रत्येक शब्द तोलल्यासारखा येत होता.

"पहिल्या वर्षी तोंड उघडलं असतं, तर हो म्हणाले असते. इतका राग होता मला तुझा. तू समोर बसून सूप प्यायचास आणि मला वाटायचं, वाडगा घालावा याच्या डोक्यात. म्हणून मी गॅरेजात गेले. तो ढीग तसाच पडला होता. तू उचललापण नव्हतास."

"हात लागत नव्हता."

"माझाही लागत नव्हता. पहिले चार मंगळवार नुसती बसून यायची. मग एक वायर उचलली. तडकलेली होती, तुझंच बरोबर होतं. दुकानातून नव्या आणल्या. दुकानातला पोरगा म्हणाला, आजी, बॉडीला मायनस करा, दुसरं आता कुणी करत नाही. तेही तुझंच बरोबर. मला आणखीनच राग आला." ती श्वासाला थांबली. "रंग मात्र त्याचे ठेवले. त्याचं काहीतरी राहायला हवं ना."

"हं."

"दोन वर्षं बांधत होते. रडायची, बांधायची. मग एके दिवशी पाहते तर राग संपला होता. पण इंडिकेटर राहिले होते. म्हणून ते केले."

नेव्हिलने दोन्ही हात तोंडावर घेतले. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते ग्लेनिसला कळलं नसावं. त्यालाही कळत नव्हतं. ती उठली नाही. उठणं तिला महाग पडायचं. तिने फक्त वाटाण्यांची वाटी त्याच्याकडे सरकवली, आणि बऱ्याच वेळाने त्याने त्यातला एक वाटाणा तोंडात टाकला.

"धागा मला बांधता येत नाही," तो म्हणाला.

"माहितीये. तुझ्या गाठी सुटतात. चल, लहान यंत्र आण."

सकाळी अकराच्या सुमारास ती गाडीपर्यंत पोचली. अंगणात दोनदा थांबली, एकदा ट्रेव्हरच्या कुंपणाला धरून. ट्रेव्हर खिडकीतून बघत होता आणि शहाण्यासारखा बाहेर आला नाही. ग्लेनिसच्या अंगात कोट होता, खांद्याला पर्स. नेव्हिलने तिला डाव्या सीटवर बसवलं, यंत्र तिच्या पायाशी ठेवलं, टॉर्च धरला. तिने धाग्याचा तुकडा मेणावरून दोनदा ओढला आणि जिभेने टोक ओलं केलं.

"वायर खालून घेतलीस?"

"खालून."

"वरून घ्यायला हवी होती."

"घेऊ का वरून?"

"राहू दे आता. उजेड इकडं धर."

बोटं फुगली होती, नखं निळसर झाली होती, पण गाठ पडत होती ती तशीच, जुन्या गाठींच्या ओळीत. तीन गाठी घालायची आणि मान मागे टेकून श्वास जमवायची. नेव्हिल टॉर्च धरून उभा होता. मधेच ती थांबली तेव्हा त्याने विचारलं:

"संपलं कधी मग हे सगळं?"

"चार वर्षं झाली. चार वर्षं आणि वर दोन महिने."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? कुलूप तू घातलं होतंस. म्हटलं, एक दिवस आपण होऊन उघडेल, बघेल. मग मला घेऊन जाईल मेअरकडं." तिने सॉकेटवर बोटाने टकटक केलं. "तेव्हा हे असलं काही लागलं नसतं."

ती हे टोमण्यात म्हणाली नव्हती. जे होतं ते सांगितलं होतं, आणि पुढची गाठ घातली. नेव्हिलच्या मनाने हिशेब मांडला, नको म्हणत असताना मांडला. चार वर्षांपूर्वी ग्लेनिस टेकडी चढून जायची. बाजारातून दोन पिशव्या आणायची. बारमथच्या त्या लांब वाळूवरून चालत मेअरला मागे टाकायची. ती गाडी तेव्हा इथे, या चादरीखाली, तयार उभी होती. आणि तो दर मंगळवारी हिरवळीवर चेंडू घरंगळवत होता, कारण दार उघडायची त्याची छाती नव्हती. पोराच्या मरणाचं ओझं त्याने सहा वर्षं वाहिलं होतं. ते त्याचं होतं की नव्हतं, देव जाणे. पण ही चार वर्षं त्याचीच होती. त्यांच्याबद्दल डॉक्टरही 'हे व्हायचंच होतं' असं म्हणाले नसते.

"लाव यंत्र," ग्लेनिस म्हणाली.

त्याने यंत्राची वायर सॉकेटमध्ये खोचली. हिरवा दिवा लागला.

"आता गाडी चालू करून बघायला हवी," तो म्हणाला. "स्टार्टर मारला की बॅटरीचा दाब खाली येतो. मधेच बंद पडलं तर रस्त्यात पंचाईत."

तो ड्रायव्हरच्या जागी बसला आणि किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं, गप्प झालं. यंत्राने एक बारीक शिट्टी दिली आणि हिरवा दिवा विझला. नेव्हिलने पुन्हा किल्ली फिरवली. दोघांनीही श्वास रोखून धरला होता, आणि तिला ते परवडणारं नव्हतं. तिसऱ्या खेपेला सगळी गाडी अंगभर थरथरली आणि इंजिन चालू झालं. दिवा पुन्हा लागला, हिरवा, आणि तसाच राहिला.

ग्लेनिसने सोडलेला श्वास त्याला इंजिनाच्या आवाजातसुद्धा ऐकू आला.

"झालं," तो म्हणाला. "आता फळी बसवतो, टायरची हवा एकदा बघतो, आणि उद्या सकाळी सातला..."

बोलता बोलता त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिने सीटचा पट्टा लावला होता. कोटाची सगळी बटणं लावलेली होती. मांडीवरची पर्स उघडी होती आणि तिच्यात वर, दिसेल अशी, गोळ्यांची आठवड्याची डबी होती.

"तुझ्या पायात सपाता आहेत," नेव्हिल म्हणाला.

"मेअरचं आणि माझं माप एकच आहे."

"गाठी अर्ध्याच झाल्यात."

"जाताना करेन. टॉर्च नको, ऊन आहे."

त्याने तोंड उघडलं. उद्या हा शब्द जिभेवर तयार होता. सहा वर्षं त्याने दुसरा शब्द वापरला नव्हता. त्याने तो गिळला, उतरून गॅरेजचं दार सताड उघडलं, डॅशबोर्डची फळी सीटच्या मागे आडवी टाकली आणि पुन्हा आत येऊन बसला. गल्लीच्या तोंडाशी त्याने डावीकडे वळण्यासाठी इंडिकेटर लावला. ग्लेनिस खाली वाकून धागा ओढत होती.